इंग्रजी पुस्तकांतल्या जिप्सींना बोलू देतात का?

रानजाई

'सापेंग्रो' हा शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. साल आठवत नाही, जागा आठवते. मिरज स्टेशनचा फलाट, गाडीला दोन तास उशीर, हातात जॉर्ज बॉरोचं 'लॅव्हेंग्रो'.

प्रसंग असा. मुलगा लहान आहे. वडील सैन्यात, त्यामुळे बिऱ्हाड सारखं हलतं. सध्या मुक्काम नॉर्मन क्रॉसला, म्हणजे नेपोलियनशी चाललेल्या लढाईतले फ्रेंच कैदी जिथे ठेवले होते त्या छावणीत. साप धरणाऱ्या एका म्हाताऱ्याशी त्याची गट्टी जमते आणि म्हातारा त्याला विषाचे दात काढलेला एक साप देऊन टाकतो. पोरगा तो सदऱ्याच्या आत, छातीशी धरून हिंडतो. एकदा झाडीतल्या आडवाटेला जिप्सींचा तंबू दिसतो. आतली नवरा-बायको 'इथे काय करतोस' म्हणून अंगावर धावून येतात, तोच सदऱ्यातून साप डोकं वर काढतो. दोघं जागच्या जागी थबकतात. मग आवाज खाली येतो, खाऊ पुढे येतो आणि पोराला नाव मिळतं: सापेंग्रो. 'साप' तर आपलाच. 'एंग्रो' म्हणजे वाला, त्यातला. सापवाला.

१८५१ साली लंडनमध्ये छापलेलं पुस्तक, गोष्ट पूर्व इंग्लंडच्या दलदलीतली, आणि मधोमध माझ्या आजीच्या तोंडचा शब्द. त्या दिवसापासून इंग्रजी पुस्तकात जिप्सी दिसले की मी एकच गोष्ट शोधते. लेखक त्यांना बोलू देतो का? बोलू दिलं तर कुठल्या भाषेत?

बहुतेक ठिकाणी उत्तर 'नाही' असंच येतं. जेन ऑस्टिनच्या 'एमा'त हॅरिएटला रस्त्यात जिप्सी पोरं घेरतात. एक दांडगी बाई, एक थोराड पोरगा, नुसता गलका. त्या गलक्यातलं एकही वाक्य आपल्या कानावर येत नाही. फ्रँक चर्चिल येतो, हॅरिएटला सोडवतो, गावाला आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळतो आणि जिप्सी घाईघाईने निघून जातात. त्यांचं काम तेवढंच होतं. 'जेन एअर'मध्ये तर भविष्य सांगणारी जिप्सी बाई खरी नाहीच, लाल झगा पांघरून बसलेला रॉचेस्टर आहे. 'वदरिंग हाइट्स'मधल्या हीथक्लिफला सगळे जिप्सी म्हणतात, पण तो कोण हे एमिली ब्रॉन्टी शेवटपर्यंत सांगत नाही. वर्ड्सवर्थची १८०७ची कविता मला सगळ्यांत जास्त टोचते. हा गृहस्थ बारा तास भटकून परत येतो, जिप्सींचा तळ सकाळी होता तिथेच दिसतो आणि तो त्यांना आळशी ठरवतो. त्याचा मित्र कोलरिज यानेच पुढे लिहिलं की बिचारे कित्येक आठवडे चालून आलेले असतील, एक दिवस टेकले असतील, हे कवीच्या मनात आलं नाही. कोलरिजबद्दल मला तेवढ्यासाठी कायमची माया आहे.

जॉर्ज एलियटने मात्र गंमत उलट्या बाजूने पाहिली. 'द मिल ऑन द फ्लॉस'मधली छोटी मॅगी घरातून पळून जिप्सींकडे जाते. आपण त्यांची राणी होऊ, त्यांना शहाणं करू, असा तिचा बेत. तिथे भूक लागते. तिला चहा आणि लोणी लावलेला पाव हवा असतो, समोर येतो पाव आणि गार डुकराचं मांस. ते आपसात बोलतात ते तिला कळत नाही आणि भीती तिथूनच सुरू होते. न कळणारी भाषा मॅगीच्या कानांनी ऐकवणं, एलियटने एवढं केलं आणि ते मला पुष्कळ वाटतं.

आता जरा मागे जाऊ. जिप्सींच्या रोमानी भाषेचे लिहिलेले जे अगदी जुने नमुने हाती आहेत, त्यांतला एक इंग्रजी प्रवासाच्या पुस्तकात आहे. अँड्र्यू बोर्ड नावाचा वैद्य होता, आधी मठात साधू. देशोदेशीची माणसं, नाणी, खाणंपिणं, भाषा यांची माहिती देणारं पुस्तक त्याने १५४२च्या सुमारास लिहिलं, काही वर्षांनी ते छापलं गेलं. त्यात इजिप्तवर एक प्रकरण आहे. हे लोक इजिप्तहून आले असा तेव्हा समज होता, 'जिप्सी' हे नावही त्यातूनच पडलं. त्याने 'इजिप्तची भाषा' म्हणून जी वाक्यं दिली ती रोमानी निघाली! बोर्डच्या किंवा छापणाऱ्याच्या हातून शब्दांची तोडफोड झाली आहे, पण नीट मांडली तर अशी:

लाचो तुत दिवेस. (चांगला दिवस तुला.)
छाय, दा मान मानरो. (पोरी, मला भाकरी दे.)
दा मान मास. (मला मांस दे.)
लाची रात तुत. (चांगली रात्र तुला.)

मोठ्याने वाचून पाहा. दिवेस, रात, दा, मास. आणि 'लाचो दिवेस' पण 'लाची रात', म्हणजे विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, 'चांगला दिवस, चांगली रात्र' तसंच. बोर्डची वाक्यं बरीचशी खाण्यापिण्याची आहेत, कुठल्यातरी दारूच्या गुत्त्यात बसून टिपल्यासारखी. त्याच सुमारास राजाचा कायदा काय म्हणत होता? आठव्या हेन्रीच्या १५३०च्या कायद्याने 'इजिप्शियन' म्हणवणाऱ्यांनी देश सोडून जायचं होतं. १५५४ साली न जाणाऱ्याला थेट देहदंड. एकीकडे फास आणि दुसरीकडे 'चांगला दिवस तुला'. हे दोन कागद एकाच काळातले आहेत हे मी वर्गात सांगायचे तेव्हा माझा आवाज दर वेळी बसायचा.

बॉरोबद्दल थोडं. जन्म १८०३, नॉरफोक. भाषा शिकण्याचं विलक्षण वेड. बायबल सोसायटीच्या नोकरीत तो रशियात गेला, मग स्पेनमध्ये गेला आणि तिथल्या हितानो, म्हणजे स्पॅनिश जिप्सी, लोकांच्या बोलीत त्याने लूकच्या शुभवर्तमानाचं भाषांतर करून माद्रिदमध्ये छापून घेतलं. 'लॅव्हेंग्रो' म्हणजे शब्दवाला. 'लाव' म्हणजे शब्द, आपल्या आलाप-विलापातल्या 'लप्' धातूशी त्याचं नातं जोडतात. पुढच्या पुस्तकाचं नाव 'द रोमनी राय'. राय म्हणजे मोठा माणूस, तो आपला रायच. त्याचा मित्र जॅस्पर पेटुलेंग्रो, म्हणजे घोड्याला नाल ठोकणारा. एका संध्याकाळी माळावर मरणाच्या गोष्टी निघतात. जॅस्पर म्हणतो, दिवस आहे, रात्र आहे, भावा, दोन्ही गोड. सूर्य, चंद्र, तारे, भावा, सगळं गोड. शिवाय माळावर वारा आहे. जगणं फार गोड आहे, भावा, मरावंसं कुणाला वाटेल?

हा परिच्छेद इंग्रजीत अमर झाला. पण त्या पुस्तकातलं माझं माणूस दुसरंच आहे. जॅस्परची सासू, मिसेस हर्न. जावई ह्या परक्या पोराला आपली भाषा शिकवतो याचा तिला भयंकर संताप येतो. हा आपली बोली चोरायला आलाय, मग आपल्याला आपसात बोलायला उरेल काय, असा तिचा सवाल. ती तळ सोडून निघून जाते आणि पुढे त्याला विष घातलेली पोळी खाऊ घालायला लावते. बॉरोने तिला खलनायिका केलं. विषाचं समर्थन मी करत नाही. पण ज्यांच्या नावाने कायद्यात फास लिहिला होता त्यांच्याकडे लपवण्याजोगी एकच वस्तू उरली होती, तीही कुणी वहीत उतरवून नेतोय हे तिला कळलं होतं. तिचं म्हणणं खरं होतं असं मला वाटतं.

तुम्ही वाचलेल्या पुस्तकांत असं काय भेटलं ते लिहा. शब्दांबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

शब्दगाठ

रानजाईताई, धागा वाचनखुणेत ठेवला. भाषेच्या अंगाने थोडी भर.

रोमानी ही भारतीय आर्य कुळातली आहे हे जर्मनीत हाल्लेच्या र्‍युडिगरने १७८२ साली छापून मांडलं. त्याने एका रोमानी बाईकडून वाक्यं भाषांतरित करून घेतली आणि हिंदुस्तानीच्या व्याकरणाशी ताडून पाहिली. पुढल्याच वर्षी ग्रेलमानचं पुस्तक आलं, १७८७ला त्याचं इंग्रजी भाषांतर झालं आणि इंग्लंडात ही गोष्ट सर्वांना कळली. योगायोग असा की, 'इजिप्शियन' लोकांविरुद्धचा एक जुना देहदंडाचा कायदाही १७८३ सालीच रद्द झाला.

कान लावून ऐकलं तर नियम सापडतात. आपला घ, ध, भ तिथे ख, थ, फ होतो. घर ते खेर, दूध ते थुद, धूम (आपला धूर) ते थुव, भ्राता ते फ्राल, भगिनी ते फेन. काही बाबतींत रोमानी आपल्यापेक्षा जुनी आहे. आपण 'तीन' म्हणतो, ते 'त्रिन' म्हणतात, र टिकलाय. आपण 'हात' म्हणतो, ते 'वस्त', हस्तातला स टिकलाय. गाव म्हणजे 'गाव'. माणूस म्हणजे 'मनुश'. 'काली रात' म्हणजे काळी रात्र.

मराठी माणसाने खास पाहावी अशी गोष्ट म्हणजे सामान्यरूप. आपण 'माणूस'ला थेट 'ला' लावत नाही, आधी 'माणसा' करतो, मग 'माणसाला'. रोमानीतही आधी मनुश चं 'मनुशेस' होतं, मग 'मनुशेस्के', म्हणजे माणसाला. शाळेत सामान्यरूपाने ज्यांना छळलं त्यांना हे वाचून समाधान वाटेल. नपुंसकलिंग मात्र रोमानीत गेलं, आपल्याकडे राहिलं.

प्रवासाचा रस्ताही शब्दांतच आहे. बॉरोच्या पेटुलेंग्रोमधला 'पेटालो' म्हणजे नाल, तो ग्रीक. रस्ता 'द्रोम', तोही ग्रीक. भट्टी 'बोव', आर्मेनियन. एक ते सहा आकडे आपले, सात-आठ-नऊ ग्रीक (एफ्ता, ओख्तो, एन्या), पुन्हा दहा 'देश' आणि वीस 'बिश' आपले.

अवांतर, पण आपल्या घरचं: ज्यूल ब्लॉक. मराठी भाषेच्या जडणघडणीवर ज्याने पाया घालणारा ग्रंथ लिहिला तोच हा फ्रेंच पंडित. त्याने १९५३ साली फ्रेंचमध्ये रोमानी लोकांवरही छोटं पुस्तक लिहिलं. आणि रोमानीचं भारतीय भाषांतलं स्थान १९२६ साली ज्याने पक्कं केलं त्या राल्फ टर्नरनेही उमेदीच्या काळात मराठीतल्या आघातावर लेख लिहिला होता. दोघांच्याही टेबलावर मराठी आणि रोमानी शेजारी शेजारी होत्या.

देवराई

शब्दगाठ, फ्राल वरून आठवलं. इंग्रजीतला 'पॅल', म्हणजे दोस्त, तो हाच ना?

शब्दगाठ

हो, तोच. इंग्लंडच्या रोमानीत फ्रालचा प्राल आणि पॅल झाला आणि सतराव्या शतकातच तो इंग्रजीत शिरला. मूळ अर्थ भाऊ.

आणखी एक सांगतो, तो जरा जड आहे. रोमानीत मुलगा म्हणजे 'छावो'. प्राकृत 'छाव', पिल्लू, त्यातून आलेला. आपला छावा त्याच घरातला. आता इंग्रजीतली शिवी पाहा, 'चॅव'. स्वस्त भडक कपडे घालणाऱ्या गरीब गोऱ्या पोरांना हिणवायला २००४च्या सुमारास तिथली वर्तमानपत्रं हा शब्द सर्रास वापरत होती. तो 'छावो'वरून आला असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. आईने लेकराला मारलेली हाक. आपण तो शब्द छातीवर मिरवतो, तिथे तो तोंडावर फेकतात.

मुशाफिर_नाशिक

अप्रतिम धागा! मला तर खात्रीच पटली की आपले बंजारा आणि युरोपातले जिप्सी एकच. तोच आरसे लावलेला घागरा, तोच तांडा, तीच भटकंती. आणि बाहेरच्या माणसाला इंग्लंडचे जिप्सी 'गोर्जो' म्हणतात, आपले बंजारा स्वतःला 'गोर' म्हणतात. एवढा पुरावा पुरे नाही का?

तांडावाट

मुशाफिर, राग मानू नका. मी गोरमाटी, म्हणजे बंजारा आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या तांड्यात वाढलो. घरी अजून गोरबोली बोलतो, आईला याडी म्हणतो.

तुमच्या पुराव्याचा अर्थ बरोबर उलटा होतो. गोर म्हणजे आम्ही. बाहेरचा तो 'कोर'. इंग्लंडमधला गोर्जो म्हणजे बाहेरचा. आवाज जुळला म्हणून शब्द जुळत नाही. आमची बोली राजस्थानी बोलींच्या जवळची. आमची माणसं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर हिंडली, मोगलांच्या सैन्याला रसद पुरवली. रोमानी लोक इथून निघाले त्याला हजार वर्षं होत आली. दोघं भटके, एवढ्यावरून भाऊ ठरवायचे तर धनगर आणि अरबी बेदुईनही भाऊ ठरतील.

शाळेत सरांनी मला कौतुकाने 'आमचा जिप्सी' म्हटलं होतं. कौतुकच होतं ते. पण घरी जाऊन मी वडिलांना विचारलं, जिप्सी म्हणजे कोण, आणि त्यांना माहीत नव्हतं. मुलाला त्याच्या बापाला ठाऊक नसलेलं नाव कुणी द्यावं? हेच इंग्रजी पुस्तकांत झालंय असं मला वाटतं. माणसं स्वतःला रोम म्हणत होती, इंग्लंडात रोमनीचल म्हणत होती, आणि पुस्तकं त्यांना इजिप्तची म्हणत राहिली.

मुशाफिर_नाशिक

तांडावाट, चूक झाली. घागऱ्यावरून नातं लावलं. गोर-कोर हे मला माहीतच नव्हतं. धन्यवाद.

रानजाई

तांडावाट, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. ही चूक इंग्रजांनीही भरपूर केली. बंजारा, कैकाडी, नट, कंजार, सगळ्यांना त्यांच्या सरकारी अहवालांतून 'जिप्सी' म्हटलेलं सापडतं. स्वतःच्या देशात ज्यांना ओळखलं नाही त्यांच्या नावाने दुसऱ्या देशातली माणसं ओळखायची.

एक सावधगिरी मलाही बाळगावी लागते. 'रोम' हा शब्द आपल्या 'डोम'वरून आला हे अभ्यासकांना मान्य आहे, आपल्याकडे डोंब, डोंबारी आहेत. पण ते शब्दाचं नातं. दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या पोरीकडे बोट दाखवून 'हिचे पणजोबा युरोपात गेले' म्हणणं ही पुन्हा एक कादंबरीच.

कंबर_तलाव

मी सोलापूरचा. आमच्याकडे 'सेटलमेंट' हा अजून पत्त्यात लिहायचा शब्द आहे. नवीन माणसाला वाटतं इंग्रजी नाव आहे, छान आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली (पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला) काटेरी तारेच्या आत ठेवलेल्या माणसांची ती वसाहत. रोज हजेरी. आजोळचे एक म्हातारे आम्हाला सांगायचे की लग्नाला गावाबाहेर जायचं तर पास काढावा लागायचा, आणि पास मिळेपर्यंत लग्न होऊन जायचं. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला, म्हणून विमुक्त.

ताईंनी वर दिलेले १५३० आणि १५५४चे कायदे वाचताना मला तेच दिसत होतं. आधी घरी, मग इकडे. जन्मानेच गुन्हेगार ही कल्पना त्या लोकांनी इथे येऊन नव्याने शोधली नव्हती.

आणि 'लेखक बोलू देतो का' या प्रश्नाचं आमच्याकडचं उत्तर म्हणजे 'उपरा' आणि 'उचल्या'. १९८० आणि १९८७. त्याआधी मराठी कथांत कैकाडी, उचले, पारधी नव्हते का? होते. चोरी करायला यायचे आणि पान संपलं की जायचे. ऑस्टिनबाईंच्या जिप्सींसारखेच. लक्ष्मण माने आणि लक्ष्मण गायकवाड लिहायला लागले तेव्हा ते बोलले. इंग्लंडात असं कुणी आहे का, ताई?

ईडनकाठ

मी गेली अकरा वर्षं उत्तर इंग्लंडात आहे. दर वर्षी जूनच्या सुरुवातीला ॲपलबी नावाच्या छोट्या गावात घोड्यांचा बाजार भरतो, देशभरातले जिप्सी आणि ट्रॅव्हलर तिथे येतात. मी दोनदा गेले. पोरं उघड्या पाठीच्या घोड्यांना घेऊन ईडन नदीत उतरतात, पाणी घोड्याच्या छातीपर्यंत येतं आणि तिथे त्यांना साबण लावून धुतात. पायांवर लांब पांढरे केस असलेले ते काळेपांढरे घोडे ओले झाले की चकाकतात. रस्त्यावर घोडा दामटून गिऱ्हाइकाला चाल दाखवायची, हातावर टाळी देऊन सौदा करायचा.

नदीच्या कठड्याशी एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. नातवाला म्हणाल्या, 'डिक, कुश्ती ग्राय!' म्हणजे बघ, चांगला घोडा. वाक्याची चाल इंग्रजी, शब्द त्यांचे. मी धीर करून म्हटलं, आमच्या भाषेत 'देख' म्हणजे बघ आणि हे खाली वाहतंय ते पाणी. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग एकेक बोट मोडत म्हणाल्या: पानी. योग. चुरी. नोक. मी म्हटलं: पाणी, आग, सुरी, नाक. आम्ही दोघी हसलो. मी आणखी विचारायला लागले तशी त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, पुरे बाळा, बाकीचे आमचे आम्हाला राहू देत.

रानजाई, तुमच्या मिसेस हर्नबद्दल वाचलं आणि त्यांचा तो मांडीवर ठेवलेला हात डोळ्यांपुढे आला. त्यांच्या शब्दांत राग अजिबात नव्हता. मी आणलेला चहा त्यांनी घेतला, मुलीचं नाव विचारलं. शब्द तेवढे दिले नाहीत.

देवराई

मला पाडगावकरांच्या 'जिप्सी'बद्दल विचारायचं होतं. आमच्या पिढीला हा शब्दच त्या संग्रहामुळे कळला. आता हा धागा वाचून ते नाव घेताना अडखळायला होतं.

रानजाई

देवराई, ती कविता माझ्याही मनात घर करून आहे आणि ती काढून टाकायचा माझा विचार नाही. पण तो जिप्सी कवीच्या मनातला आहे, रस्त्यावरचा नाही, हे कविता स्वतःच सांगते. ती ओढ इंग्रजी रोमँटिक परंपरेतून आपल्याकडे आली. मॅथ्यू आर्नल्डचा 'स्कॉलर जिप्सी' (१८५३) हा ऑक्सफर्डचा विद्यार्थी विद्यापीठ सोडून जिप्सींत जाऊन मिसळतो. गोष्ट सुंदर आहे, पण त्या दीर्घ कवितेत जिप्सी किती आहेत हे कुणी मोजून पाहावं. सगळा विद्यार्थीच आहे.

त्या मानाने शेतमजूर कवी जॉन क्लेअर जवळ गेला. तो त्यांच्या तळावर जायचा, त्यांच्याकडून फिडल शिकला. 'जिप्सींचा तळ' या त्याच्या छोट्या कवितेत बर्फ आहे, शेकोटी आहे, नासत चाललेलं मांस आहे, बाजूला मिळेल का म्हणून बघत बसलेला कुत्रा आहे. शेवटच्या ओळीत तो त्यांना तीन विशेषणं लावतो: गप्प, भुरटे, आणि कुणाचंही छत्र नसलेले. दुसरं विशेषण कुणीही लावलं असतं. तिसरं लावायला क्लेअरच हवा होता, तो स्वतः तसाच होता.

कंबर_तलाव, तुमच्या प्रश्नाकडे येते, पण वाटेत एका माणसाला भेटून. जॉन सॅम्पसन, लिव्हरपूल विद्यापीठाचा ग्रंथपाल. १८९४ साली वेल्समध्ये बाला गावाजवळ त्याला एडवर्ड वुड नावाचा हार्पवादक भेटला. हे वुड घराणं अजून संपूर्ण विभक्तींसह रोमानी बोलत होतं. इंग्लंडातल्या जिप्सींच्या तोंडी तेव्हा इंग्रजी व्याकरणात ओवलेले रोमानी शब्दच उरले होते. सॅम्पसन त्यांच्यात जाऊन येऊन राहिला, त्यांच्या कथा टिपल्या आणि तीस वर्षांनी, १९२६ला, 'वेल्सच्या जिप्सींची बोली' हा व्याकरण आणि कोशाचा प्रचंड ग्रंथ ऑक्सफर्डने छापला. १९३१ला तो गेला तेव्हा त्याची रक्षा वेल्समधल्या एका डोंगरावर उधळली, चित्रकार ऑगस्टस जॉन रोमानीत बोलला, हार्प वाजली. शब्दांवर एवढं प्रेम केलेला माणूस मला दुसरा माहीत नाही. पण त्याच्या अभ्यासक मंडळींचं एक मला पटत नाही. त्यांना 'शुद्ध' रोमानी हवी होती. ईडनकाठ यांच्या आजींची 'डिक, कुश्ती ग्राय' त्यांना भ्रष्ट वाटली असती. आपल्याकडेही बोलीभाषेला अशुद्ध म्हणणारे आहेत, त्यांना हे कळावं.

प्रवासवर्णनांत वॉल्टर स्टार्कीचं 'रॅगल टॅगल' (१९३३) जरूर वाचा. डब्लिनच्या विद्यापीठातला हा प्राध्यापक फिडल घेऊन हंगेरी आणि रोमानियात हिंडला, रस्त्यात वाजवून पोट भरत. वाद्य हातात असलं की शब्द उकरावे लागत नाहीत, हे त्या पुस्तकात सारखं जाणवतं. रंग जरा जास्त भरतो, तरी तिथली माणसं बोलतात. इझाबेल फॉन्सेकाचं 'बरी मी स्टँडिंग' (१९९५) साम्यवादी राजवटी कोसळल्यानंतरच्या पूर्व युरोपातलं आहे. 'मला उभं पुरा, जन्मभर गुडघ्यांवरच होतो', या रोमानी म्हणीवरून नाव.

आणि आता आतून आलेली पुस्तकं. सिल्व्हेस्टर गॉर्डन बॉसवेलचं आत्मचरित्र १९७० साली आलं, 'उपरा'च्या दहा वर्षं आधी. इयन हॅन्कॉक हे स्वतः रोमानी आणि भाषाशास्त्राचे प्राध्यापक, रोमानी लोकांना गुलाम म्हणून कसं ठेवलं गेलं ते त्यांनी १९८७च्या पुस्तकात मांडलं. मला सगळ्यांत आवडलं ते डेमियन ल बा यांचं 'द स्टॉपिंग प्लेसेस' (२०१८). इंग्रज जिप्सी घराण्यातला मुलगा, ऑक्सफर्डला शिकलेला. लहानपणी पणजीच्या तोंडून ऐकलेल्या जुन्या तळांच्या जागा तो गाडी घेऊन शोधत निघतो. कुठे रस्त्याकडेचा पट्टा, कुठे खाणीची कड, कुठे आता नुसतं कुंपण. त्या जागांना त्यांच्या बोलीत 'अचिन तान' म्हणतात, थांबायची जागा. 'तान' म्हणजे स्थान. आपलं ठाण, आपलं ठाणं.

शब्द तो सांगतो, अर्थही सांगतो, पण सगळे सांगत नाही.

तांडावाट

ठाण! आमच्याकडे तांडा हलायचा तेव्हाच्या गोष्टी याडी सांगते. बैल कुठे सोडायचे, पाणी कुठे, कुठल्या गावचा पाटील थांबू द्यायचा आणि कुठला नाही. नावांसकट तिला पाठ आहेत. आजवर मी लिहून घेतली नाहीत. दिवाळीला जाईन तेव्हा आधी तिला विचारतो, लिहू का म्हणून.

शब्दगाठ

तांडावाट, नक्की विचारा. ती हो म्हणाली आणि तुम्हा दोघांना इथे टाकायचं वाटलं, तरच टाका.

ताई, सॅम्पसनच्या वेल्श रोमानी कथांतली एखादी मूळ शब्दांसह देता येईल का? देवनागरीत लिहून ओळीखाली मराठी दिली तर सामान्यरूप सगळ्यांना दिसेल.

रानजाई

पुस्तक कपाटात वरच्या फळीवर आहे, नातू रविवारी आला की काढून घेते. छोटी गोष्ट निवडते.